शेवट कोणाच्या हाती?

लेखकाने लिहिलेली कथा प्रथम घरच्या माणसांनी ऐकावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. छापखान्याकडे जाण्यापूर्वी ती माजघरात वाचली जाते. तेथे ऐकणाऱ्यांना रूपबंध, प्रतिमासृष्टी असले शब्द ठाऊक नसतात. परंतु वाचन संपले, की त्यांच्यापैकी कोणीतरी हमखास म्हणते, 'शेवट असा नको होता.' मग लेखक पेचात सापडतो. संपादकाने असे म्हटले असते तर त्याच्याशी वाद घालता आला असता. अनोळखी वाचकाने पत्र पाठवले असते तर ते बाजूला ठेवता आले असते. घरच्या माणसाचे तसे नाही. त्याच्या हातचे आपण जेवलेले असतो.

आमचा व्यवसाय साहित्याचा नव्हे. तथापि हा प्रश्न आम्हांला साहित्यशास्त्रापेक्षा नीतिशास्त्राचा अधिक वाटतो. त्यावर सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. लेखक स्वतंत्र आहे, त्याने कोणाचेही ऐकू नये, हे एक. कथा ती कथाच, तिच्यापायी घरच्यांचे मन कशाला दुखवायचे, टाकावा शेवट बदलून, हे दुसरे. दोन्ही उत्तरे फार लवकर दिलेली आहेत. शेवट बदल असे सांगणारा माणूस वस्तुतः काय मागतो आहे, हे त्यांत कोणी विचारीतच नाही.

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात हॉवर्थ नावाचे गाव आहे. तेथील अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू पॅट्रिक ब्राँटे १८५२ साली ७५ वर्षांचे होते. पत्नीला त्यांनी १८२१ मध्ये मूठमाती दिली होती, दोन थोरल्या मुलींना १८२५ मध्ये. पुढे सप्टेंबर १८४८ ते मे १८४९ या अवघ्या आठ-नऊ महिन्यांत मुलगा ब्रॅनवेल, मुलगी एमिली आणि धाकटी ॲन अशी तीन मुले गेली. सहांपैकी एक उरली, शार्लट. 'जेन एअर' या कादंबरीने १८४७ पासून तिचे नाव, म्हणजे तिने घेतलेले टोपणनाव, सर्वतोमुखी झाले होते. आता ती 'व्हिलेट' ही नवी कादंबरी पूर्ण करीत होती.

या कादंबरीची नायिका लूसी स्नो ही एकाकी इंग्लिश तरुणी आहे. परक्या देशातील एका कॅथलिक शहरात ती मुलींच्या शाळेत शिकवते. तेथील प्राध्यापक पॉल इमॅन्युएल हा शीघ्रकोपी, हेकट, पण अंतःकरणाने अतिशय कोवळा माणूस. दोघांचे मन जुळते. त्याला तीन वर्षांसाठी वेस्ट इंडीजच्या बेटावर जावे लागते. जाण्यापूर्वी तो लूसीला एक छोटी शाळा थाटून देतो, आणि ती तीन वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती असे ती पुढे सांगते. तो परतीच्या प्रवासाला निघतो. अटलांटिक महासागरावर वादळ उठते.

पॅट्रिक ब्राँटे यांना मनावर उदासीची छाया ठेवून जाणाऱ्या कादंबऱ्या आवडत नसत. त्यांनी मुलीला विनंती केली, की परीकथेप्रमाणे या दोघांचे लग्न होऊ दे, ती सुखाने नांदू देत. परंतु पॉलचा समुद्रात झालेला मृत्यू शार्लटच्या मनावर असा कोरला गेला होता, की प्रत्यक्ष घडलेली घटना जशी बदलता येत नाही तसाच तोही तिला बदलता येईना. वडिलांसाठी तिने एवढेच केले, की तो मृत्यू शब्दांच्या पडद्याआड ठेवला. वादळ सात दिवस चालले, महासागर फुटक्या जहाजांनी भरून गेला, इतके सांगून कथा सांगणारी लूसी थांबते. ज्यांचे मन आशावादी आहे त्यांनी सुखाच्या पुनर्भेटीची कल्पना करावी, असे सुचवते, आणि दोन-तीन गौण पात्रांचे पुढे बरे चालले हे सांगून पुस्तक मिटते. ही हकिकत एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या शार्लटच्या चरित्रात नोंदवली आहे; आणि ते चरित्र लिहावे अशी विनंती त्यांना वृद्ध पॅट्रिक ब्राँटे यांनीच केली होती.

वाचक गोंधळात पडले. पॉलचे नेमके काय झाले, अशी विचारणा १८५३ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर होऊ लागली, तेव्हा शार्लटने आपल्या प्रकाशकाला थट्टेने कळवले, की दयाळू वाचक त्याला बुडवून त्याच्या यातना संपवतील आणि निष्ठुर वाचक त्याचे लग्न लावून देतील. थट्टा राहू द्या. सात दिवस, फुटकी जहाजे आणि त्यानंतरचे मौन यांचा अर्थ लावण्यास फारशा चातुर्याची गरज नाही. पॉल बुडाला आहे.

आता त्या वृद्धाच्या मागणीकडे पाहावे. तिला भाबडी म्हणून हसणे सोपे आहे आणि अनेकांनी तसे केलेही आहे. आम्हांला मात्र तिच्यात साहित्याभिरुचीचा प्रश्न मुळीच दिसत नाही. पत्नी आणि पाच मुले यांच्यासाठी दफनविधीची प्रार्थना ज्या घराने ऐकली, त्या घरातला म्हातारा बाप उरलेल्या एका मुलीला म्हणतो आहे, की या एका माणसाला तरी घरी परत येऊ दे. ही विनंती ज्याला ऐकू येत नाही त्याने कथा लिहूच नये, असे आम्ही म्हणू.

परंतु तेवढ्यावर थांबता येत नाही. शार्लटने हस्तलिखित पूर्ण केले ते नोव्हेंबर १८५२ मध्ये. त्यानंतर महिन्याच्या आतच, १३ डिसेंबर रोजी, पॅट्रिक ब्राँटे यांच्याच हाताखालचे साहाय्यक धर्मगुरू आर्थर बेल निकल्स यांनी शार्लटला मागणी घातली. वडिलांच्या संतापाला पारावार उरला नाही. निकल्स यांना गाव सोडून जावे लागले. म्हाताऱ्याची संमती मिळून विवाह झाला तो २९ जून १८५४ रोजी, आणि ३१ मार्च १८५५ रोजी शार्लट गेली. कागदावरच्या लग्नाची विनवणी करणाऱ्या बापाने घरातले लग्न दीड वर्ष अडवून धरले, हे लिहिताना आम्हांला त्यांची निंदा करावयाची नाही. एकुलती उरलेली मुलगी दुरावेल ही भीतीही त्या संतापामागे असावी. पण माणूस कथेकडून जे मागतो ते पुष्कळदा त्याला स्वतःला देणे जड जात असते. कुटुंबाच्या सूचनेचे वजन करताना लेखकाने हे ध्यानात ठेवणे बरे.

येथे एक गंमत नमूद केल्यावाचून राहवत नाही. 'व्हिलेट' ही कादंबरी आपल्या ख्रिस्तसभेविषयी फारशी प्रेमाने बोलत नाही. कॅथलिक धर्मगुरू म्हणजे आडवळणाने बोलणारे, सत्य अर्धे झाकून ठेवणारे, असा तिचा एकंदर सूर आहे. खुद्द शार्लट ब्रुसेल्समध्ये शिक्षिका असताना, सप्टेंबर १८४३ मध्ये, एकाकीपणाने व्याकूळ होऊन सेंट गुड्यूलच्या चर्चमध्ये गेली होती आणि तेथे एका कॅथलिक धर्मगुरूपुढे तिने पापनिवेदन केले होते. हे तिने एमिलीला पत्राने कळवले, आणि बाबांना सांगू नकोस असेही लिहिले. तीच शार्लट नऊ वर्षांनी बाबांसाठी असा शेवट लिहिते, की त्यातील एकही शब्द खोटा नाही, परंतु ऐकणाऱ्याला हवे ते समजण्याची मोकळीक आहे. सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्राच्या तासाला 'मानसिक मर्यादा' नावाचे प्रकरण शिकवले होते. बोलणाऱ्याने वाक्याचा अर्धा भाग मनातल्या मनात ठेवावा, म्हणजे ते असत्य होत नाही, असा काही पंडितांचा युक्तिवाद होता. अकरावे पोप इनोसंट यांनी १६७९ मध्ये तो त्याज्य ठरवला. मात्र ज्या शब्दांचा खरा अर्थ प्रसंगावरून सुज्ञ श्रोत्याला उमगू शकतो, ते शब्द योग्य कारणासाठी वापरण्यास पुढील नीतिशास्त्रज्ञांनी मुभा दिली. शार्लटचा शेवट या दुसऱ्या वर्गात मोडतो. आमच्या प्राध्यापकांनी हे उदाहरण दिले असते, तर तो तास अधिक जागेपणी ऐकला गेला असता.

कोणी म्हणेल, पॉल इमॅन्युएल नावाचा माणूस कधी जन्मलाच नाही. मग त्याला बुडवले काय आणि तारले काय, सत्यासत्याचा संबंध कोठे येतो? संत ऑगस्टीन यांनी या शंकेला एका अनपेक्षित जागी उत्तर दिले आहे. पुनरुत्थित प्रभू अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांबरोबर चालतो आणि गाव जवळ आल्यावर आपल्याला पुढे जायचे आहे असे दाखवतो, हे संत लूकने लिहून ठेवले आहे. प्रभूने असे 'दाखवणे' म्हणजे असत्य नव्हे काय? ऑगस्टीन म्हणतात, की रचलेली प्रत्येक गोष्ट असत्य नसते. ज्या रचनेमागे काही अर्थ नाही ती असत्य, आणि जी एखाद्या अर्थाकडे बोट दाखवते ती सत्याचीच एक आकृती. कथाकारांना याहून मोठे अभय कोणी दिल्याचे आम्हांला माहीत नाही. पण या अभयाला दुसरी बाजू आहे. रचलेली कथा सत्य सांगू शकत असेल, तर ती खोटेही बोलू शकते. तिने जेथे बोट दाखवायचे तेथून ते काढून भलतीकडे दाखवले, की कोणतीही घटना घडलेली नसताना असत्य घडते. तेव्हा शेवट बदलणे ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही.

ते सर्वस्वी निषिद्ध आहे, असेही आम्हांला म्हणावयाचे नाही. शेवट बदलणारा सर्वांत धीट लेखक आमच्या विदर्भातला होता. भवभूतीने आपले कुल विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे स्वतः सांगितले आहे. आठव्या शतकाच्या सुमारास त्याने 'उत्तररामचरित' लिहिले, तेव्हा सीतेचा शेवट काय झाला हे सर्वांना तोंडपाठ होते. पुन्हा एकदा शुद्धीची परीक्षा देण्याऐवजी ती धरणीच्या पोटात गेली. भवभूतीने तो शेवट बदलला, आणि कसा बदलला हे पाहण्यासारखे आहे. सातव्या अंकात गंगेच्या तीरावर वाल्मीकी एक नाटक करवितो आणि ते पाहायला खुद्द राम बसलेला आहे. म्हणजे ज्याची कथा तोच श्रोता, आणि त्याचे कुटुंब सभोवती. त्यागानंतर सीतेवर काय ओढवले हे समोर घडताना पाहून राम मूर्च्छित होतो. तेव्हा खरी सीता येते, तिच्या स्पर्शाने तो सावध होतो, लव-कुश पुढे आणले जातात.

हे नुसते गोड करणे असते तर आम्ही त्याचा उल्लेख केला नसता. भवभूतीने त्याची किंमत वसूल केली आहे. आधीच्या तिसऱ्या अंकात त्याने रामाला पंचवटीत पुन्हा नेऊन, जेथे सुखाचे दिवस घालवले तेथल्या प्रत्येक झाडापाशी रडायला लावले आहे. त्या बारा वर्षांतला एकही दिवस त्याने माफ केलेला नाही. आणि शेवटी अरुंधती सर्व नगरवासीयांसमोर सीतेची शुद्धता घोषित करते, तेव्हा ज्यांच्या जिभेने तिला वनात धाडले त्या लोकांना तिच्यापुढे मान लववावी लागते. सीता घरी येते ती ज्यांनी अपराध केला त्यांच्या डोळ्यांदेखत. आमच्या मते जुन्या शेवटापेक्षा हा शेवट ऐकणाऱ्यांकडून काही कमी मागत नाही. धरणीत गेलेल्या सीतेसाठी नुसते रडता येते; परत आलेल्या सीतेच्या नजरेला नजर द्यावी लागते.

त्याच विदर्भाच्या पश्चिम टोकाला, बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, जानेफळ आहे. या लेखाचे निमित्त तेथील एका शिक्षकाने लिहिलेली कथा. त्यांच्या अनुमतीने आणि ओळख पटेल असा तपशील वगळून ती येथे सांगत आहोत. तसेही, ज्या दुःखाविषयी ती आहे ते या जिल्ह्यातील एकाच घराचे नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांसाठी १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळेच. त्यानंतर योजना आल्या, कर्जमाफ्या आल्या, आणि ते मरण काही थांबले नाही.

शिक्षकाचे वडील त्यांतलेच एक. कोरडवाहू शेत, कपाशी, मागून सोयाबीन, एका वर्षाचे कर्ज दुसऱ्या वर्षाच्या डोक्यावर. ते गेले तेव्हा मुलगा शिक्षणासाठी परगावी होता. पुष्कळ वर्षांनी त्याने ते कथेत लिहिले. कथेतला बाप सायंकाळी घरी येतो, कोणाशी बोलत नाही, ताटाला स्पर्श करीत नाही; रात्री अंधारात उपाशीपोटी शेताकडे निघतो. मुलगा त्याच्या मागोमाग शब्दांनी शेवटपर्यंत जातो. शेवटचे वाक्य झाकून ठेवलेल्या ताटावर होते. आम्ही ते वाचले तेव्हा कथा चांगली वाटली होती.

त्याने ती घरी वाचून दाखवली आणि तिघांनी शेवट बदलायला सांगितले. थोरला भाऊ म्हणाला, हृदयविकाराचा झटका लिही. त्याची मुलगी लग्नाची आहे. सोयरे मासिके वाचत नसले तरी कोणीतरी सांगणारा भेटतोच. पत्नी म्हणाली, त्यांना जगू द्या, पाऊस येऊ द्या. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, वाचनाचा नाद लागलेला. आजोबांविषयी त्याने हे पहिल्यांदा छापलेल्या कागदावर वाचावे, हे तिला सहन होईना. आई बराच वेळ बोलली नाही. मग ती म्हणाली, "उपाशी कशाले धाडलं रे त्यायले? जेवले होते ते. अंबाडीची भाजी होती. दोन भाकरी खाल्ल्या, मग बैलायले कडबा टाकला."

या तीन मागण्या एकाच मापाने मोजता येणार नाहीत. भावाची मागणी लाजेतून आलेली आहे, आणि लाज ही नेहमीच क्षुद्र नसते. मुलीच्या लग्नाची चिंता ज्याला नाही त्याने त्याला नावे ठेवू नयेत. पण झटका आला असे लिहिले, की सावकार सुटला, बियाण्याचे दुकान सुटले, कर्जाची वसुली करणारे सुटले, आणि ज्यांनी त्या वर्षी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही ते आपण सर्वजण सुटलो. असा शेवट मृताच्या पदरचे एकमेव साक्षीपत्र फाडून टाकतो. पत्नीची मागणी दयेतून आलेली आहे. ती पॅट्रिक ब्राँटे यांच्या जातीची आहे. तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु त्यासाठी पाऊस पाडण्याचे कारण नाही. मुलाला आजोबांविषयी कथेच्या आधी, बापाच्या तोंडून, मांडीवर बसवून सांगता येते. ते काम कथेवर टाकणे ही पळवाट झाली असती, आणि आम्ही त्यांना तसे म्हटले.

आईने मात्र वेगळेच काही केले. तिने शेवट गोड करायला सांगितला नाही. तो चुकला आहे एवढेच सांगितले. लेखकाला उपाशी बाप हवा होता, कारण उपासाने मरणाला कारण मिळते. झाकलेले ताट पाहून वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते आणि त्याला वाटते, आपल्याला समजले. आईने ते ताट काढून घेतले. पोटभर जेवलेला, भाजीला नाव न ठेवणारा, बैलांची वैरण न विसरलेला माणूस का गेला? याला उत्तर नाही, आणि त्या घराने इतकी वर्षे त्या निरुत्तराबरोबर काढली आहेत. त्यापेक्षा सोपे असे काही मुलाने लिहावे हे तिला मान्य नव्हते. घरच्या माणसांच्या सूचना म्हणजे सत्याला लावलेली साखर, अशी लेखक मंडळींची समजूत असते. येथे साखर लेखकाची होती, फक्त ती अश्रूंची असल्यामुळे ओळखू आली नाही.

तिच्या वाक्यात आणखी एक गोष्ट होती. जेवण झाल्यापासून पहाटेपर्यंत काय झाले हे तिला ठाऊक नाही. ती झोपली होती. मुलगा तर त्या गावातच नव्हता. तरी त्याने बापाला शेतापर्यंत नेले, त्याच्या मनात काय चालले होते ते लिहिले, आणि सर्व काही निराशेने काळवंडून टाकले. हे त्याला कोणी सांगितले होते? कथाकाराला कल्पनेचा हक्क आहे हे आम्ही जाणतो. पण स्वतःच्या बापाच्या अखेरच्या घटकेत शिरून तेथे आशेचा कवडसाही नव्हता असे लिहिणे, हा हक्क कोणाकडून मिळतो, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

अशा कथेला एक अनोळखी श्रोताही असतो, त्याचेही ऐकले पाहिजे. गटेची 'वेर्टर' ही कादंबरी १७७४ मध्ये निघाली. नायक आपल्या हाताने जीवन संपवतो. तरुणांनी त्याचा पोशाख उचलला, आणि काहींनी त्याचा शेवटही उचलला अशी हाकाटी झाली. लाइपझिग शहराने पुस्तकावर बंदी घातली. पुढल्याच वर्षीच्या आवृत्तीत गटेने दुसऱ्या भागाच्या आरंभी ओळी घातल्या, त्यांत नायकच वाचकाला आपल्या मागे न येण्याविषयी बजावतो. शेवट त्याने बदलला नाही. दार उघडेच ठेवून तेथे एक माणूस उभा केला. ज्या जिल्ह्यात त्याच कर्जाखाली दबलेला वाचक त्याच रात्री ती कथा हाती घेऊ शकतो, तेथील लेखकाने तर शेताची वाट दाखवण्यापूर्वी दहादा थांबावे. अशा बातम्या देताना मार्गाचे व साधनाचे वर्णन टाळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००० सालापासून वृत्तपत्रांना सांगितले आहे. कथाकारांना ते लागू नाही असे मानण्याचे कारण नाही.

आम्हां धर्मगुरूंना हा विषय परका नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्तसभेचा दफनविधी नाकारला जाई. जुन्या पिढीतील लोकांना कुंपणाबाहेरच्या त्या कबरी आठवतात. १९८३ च्या संहितेतून ती तरतूद गेली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे स्पष्ट म्हटले; पश्चात्तापाची संधी त्यांना कोणत्या मार्गाने द्यावी हे देव एकटा जाणतो. एका अर्थी ख्रिस्तसभेनेच आपल्या एका कथेचा शेवट पुन्हा लिहिला. तो कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, हे विचारले तर आम्ही म्हणू, त्या कुंपणाबाहेर उभ्या राहिलेल्या घरच्या माणसांच्या.

त्याच्याही पुष्कळ आधी, फ्रान्समधील आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन मेरी व्हियानी यांच्याकडे एक विधवा आली होती. तिच्या नवऱ्याने पुलावरून नदीत उडी घेतली होती. तो कायमचा गमावला, या विचाराने ती झुरत होती. संतांचे चरित्रकार सांगतात, की तिने तोंड उघडण्यापूर्वीच ते तिला म्हणाले, तो तरला आहे. पुलाचा कठडा आणि नदीचे पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्ताप करण्यापुरता अवधी मिळाला. व्हियानी वारले १८५९ मध्ये. हॉवर्थच्या वृद्धाचे ते समकालीनच. त्यांनी त्या बाईला नवरा बुडाला नाही असे सांगितले नाही. उडी पुसली नाही, पाणी पुसले नाही. कठडा आणि पाणी यांच्यामधली जागा कोणीही पाहिलेली नव्हती. गावाने ती निराशेने भरून टाकली होती. व्हियानींनी ती उघडली. आम्हांला वाटते, घरच्या माणसांचा कथेवर खरा हक्क असलाच तर तो एवढ्या जागेवर आहे. जे घडले ते बदलून मागण्याचा नाही. जे लेखकाने पाहिले नाही, ते त्याने ठाऊक असल्यासारखे मिटून टाकू नये, असे मागण्याचा.

जानेफळच्या शिक्षकांनी कथेचे शेवटचे दीड पान काढून टाकले. नव्या मसुद्यात बाप जेवतो, ताट धुऊन उपडे घालतो, बैलांना कडबा टाकतो. रात्री केव्हातरी दाराची कडी वाजते, आत झोपलेली बाई कूस बदलते, आणि तेथे कथा थांबते. पत्नीने ती मुलाला वाचायला दिली, त्याच्या बापाने आधी त्याच्याशी बोलून झाल्यावर. भावाला ती अजूनही मान्य नाही. लग्न होईपर्यंत कथा छापू नये असे त्याचे म्हणणे आहे, आणि या बाबतीत आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. शेवट भावाच्या हाती नसला, तरी छापण्याचा महिना मागण्याचा हक्क त्याला नक्कीच आहे. मुलीचे जमत आले आहे असे समजते. आईला वाचता येत नाही. कागद कोठे ठेवले आहेत हे ती मधूनमधून विचारते, आणि मुलगा कपाटाकडे बोट दाखवतो.